ठोकलेल्या गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स आपल्या गाडीत बसवायचंय? मग हा क्रम चुकवू नका

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी छोट्या हत्तीत इंजिन टाकून घेऊन येतो अन् म्हणतो, भाऊ एवढं बसवून द्या, भंगारवाल्याकडून स्वस्तात भेटलं. इंजिन एकटंच असतं. वायरिंग कटरने कापलेलं, फाउंडेशन (इंजिन बॉडीला धरून ठेवणारे रबरी माउंटिंग) नाही, केबली नाहीत, इनटेकचं तोंड उघडं अन् त्यात निंबाचा पाला. मग "आते काय करानं" म्हणत त्याच भंगारवाल्याकडे चार चकरा होतात आणि तोवर बाकीची गाडी कापून वजनावर गेलेली असते.

इंजिन उतरवण्यात फारसं कोणी चुकत नाही, दोन पोरं अन् एक चेन कुप्पी (साखळी ओढून वजन उचलायची पुली) असली की ते निघतंच. चुका होतात त्या काय घ्यायचं, काय तपासायचं आणि कशाच्या आधी काय करायचं यात, म्हणून सगळं क्रमाने लिहून राहिलो.

उदाहरण म्हणून २०१० नंतरची वॅगनआर धरली आहे, के-१०-बी इंजिनवाली, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, आत टायमिंग चेन. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे या गाड्या भरपूर आहेत आणि हायवेवर ठोकलेल्याही तेवढ्याच भेटतात. दुसरी कुठली पुढच्या चाकावर चालणारी पेट्रोल गाडी असेल तर बोल्ट वेगळे असतील, क्रम हाच.

## टप्पा १ : कोणती गाडी घ्यायची

नियम सरळ आहे. तेच मॉडेल, तेच इंजिन, तेच इंधन, आणि साल जवळचं. के-१०-बी हे जुन्या अल्टो के-१० मध्येही आहे, एस्टिलोतही होतं, जुन्या सेलेरियोतही आहे, म्हणून लोक म्हणतात कोणतंही चालेल. ब्लॉक तोच असतो हो, पण फाउंडेशनचे ब्रॅकेट, वायरिंगचे सॉकेट, सायलेन्सरचा पुढचा पाइप, शाफ्टची (गिअरबॉक्सपासून चाकाला जाणारा दांडा) लांबी यातलं काही ना काही वेगळं निघतं अन् प्रत्येक वेगळ्या गोष्टीला एक दिवस जातो. ऑटो गिअरची गाडी असेल तर तो गिअरबॉक्स साध्या गाडीत लावायच्या भानगडीत पडू नका, त्याचं कंट्रोल वेगळं, वायरिंग वेगळं.

मागून किंवा बाजूने ठोकलेली गाडी सगळ्यात चांगली. समोरून ठोकलेली असेल तर रेडिएटर मागे सरकून क्रँक पुलीवर (इंजिनच्या कडेची पट्टे फिरवणारी चाकी) बसलाय का, टायमिंग कव्हरला तडा आहे का, गिअरबॉक्सच्या घंटीला (जिथं तो इंजिनला चिकटतो तो गोल भाग) अन् फाउंडेशनच्या कानांना बारीक चीर आहे का ते टॉर्च मारून, रॉकेलच्या फडक्याने पुसून बघा. काळ्या तेलाखाली चीर दिसत नाही.

अजून एक गोष्ट विचाराच, ठोकल्यावर इंजिन चालू राहिलं होतं का? रेडिएटर फुटला, पाणी सगळं रस्त्यावर, ड्रायव्हर बेशुद्ध किंवा पळालेला, अन् इंजिन दहा मिनिटं तसंच चालत राहिलं, असं होतं. बाहेरून ते इंजिन नवं दिसतं पण हेड वाकलेलं असतं.

पुरात बुडालेली गाडी फुकट दिली तरी नको.

आणि गाडी पूर्ण घ्या. नुसतं इंजिन-गिअरबॉक्स स्वस्त पडतं हे खरं, पण पूर्ण गाडी घेतली की कोणता पाइप कुठून जातो हे दाखवणारं जिवंत पुस्तक तुमच्या दारात उभं राहतं आणि एखादी क्लिप तुटली तर शहरात जावं लागत नाही. मी तर म्हणतो जागा नसेल तर शेतात उभी करा, पण घ्या पूर्णच.

## टप्पा २ : कागद, हा टप्पा उडी मारून जाऊ नका

पान्याला हात लावायच्या आधी हे करा.

१. ठोकलेल्या गाडीचं आरसी बुक आणि ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. घासलेला, परत ठोकलेला, रंग मारलेला नंबर दिसला की निघून या. गाडीची ऑनलाइन माहितीही परिवहनच्या अॅपवर बघून घ्या, त्यात कर्ज, विमा, फिटनेस सगळं दिसतं.

२. अपघातात कोणी जखमी किंवा मयत असेल तर ती गाडी केसमधला मुद्देमाल असू शकते. मालकाला कोर्टातून सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन या हमीवर) परत भेटलेली असते आणि केस निकाली निघेपर्यंत ती विकायची, खोलायची परवानगी बऱ्याचदा नसते. मालक हे सांगत नाही, कारण बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं. एफआयआर झाली होती का एवढं विचारलं तरी कळतं.

३. इंजिन बदललं की आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली हा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो, परवानगी न घेता इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत कळवायचं असतं. पण तुम्ही आधीच जा. जळगाव एमएच-१९, धुळे एमएच-१८, नंदुरबार एमएच-३९, जिथली गाडी तिथल्या ऑफिसला विचारून कागदांची यादी हातात घ्या, मग काम सुरू करा. खरेदीची पावती इंजिन नंबर टाकूनच घ्या, पांढऱ्या कागदावरची "इंजिन एक नग" अशी चिठ्ठी कामाची नाही.

४. आपल्या गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र लागेल. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी नंबर जुळत नाही म्हणून ते हात वर करतील अन् चूक आपलीच असेल.

## टप्पा ३ : खोलायच्या आधी चालवून बघा

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. गाडी घरी आणली की पोरं लगेच पाना घेऊन बसतात. थांबा. इंजिन ज्या गाडीत आहे त्याच गाडीत, त्याच वायरिंगवर, त्याच चाबीवर चालू करून बघायची ही शेवटची संधी आहे.

आधी डिपस्टिक अन् ऑइलचं झाकण बघा. झाकणाच्या आतून ताकासारखा पांढरट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. मग क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी (सॉकेट पाना) लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, ज्या बाजूने इंजिन फिरतं त्याच बाजूने. कुठं टक्कन अडलं तर सेल्फ मारू नका, आधी काय अडतंय ते शोधा.

फिरलं तर चांगली बॅटरी लावून चालू करा. रेडिएटर फुटलेला असेल तर अर्धा मिनिट, त्याच्या वर नाही. रेडिएटर शाबूत असेल तर पाणी भरून पूर्ण गरम होऊ द्या, फॅन लागू द्या, धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केट.

मग कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते. तिन्ही प्लग काढा, इंजेक्टरचे सॉकेट काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे. आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती हे महत्त्वाचं. गेजवर १ किलोच्या वर फरक दिसला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. वाढला तर रिंग गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

गिअरबॉक्स पण इथेच तपासा. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी घोडीवर (लोखंडी स्टँड), मागच्या चाकांना दगड, एक जण आत बसून सगळे गिअर एकेक टाकेल, दुसरा बाहेरून ऐकेल. गिअर टाकताना खरखर, सोडताना उडी, किंवा क्लच दाबल्यावर बंद होणारा घुर्रर्र आवाज, सगळं लिहून ठेवा.

चेक : इंजिन चालू होतानाचा अन् गिअर टाकतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, आवाजासकट. नंतर आपल्या गाडीत बसवल्यावर "हा आवाज आधीपासून होता का" हा वाद होतोच होतो.

चालू होतच नसेल आणि कंप्रेशनही घेता येत नसेल, तर ते इंजिन न तपासलेलं समजूनच भाव करा.

## टप्पा ४ : जागा, हत्यारं, सामान

सपाट सिमेंटची जागा. मातीत घोडी रुतते. एक टनाची चेन कुप्पी आणि तिला लोखंडी तिपाई किंवा गर्डर. निंबाच्या फांदीला कुप्पी लावून इंजिन काढलेलं मी पाहिलंय, फांदी मोडलेलीही पाहिलीय, नशीब की खाली कोणी नव्हतं. चार घोड्या, एक ट्रॉली जॅक, एक्सल नटची मोठी गोटी अन् लांब हँडल, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने बोल्ट घट्ट करणारा, नसेल तर दोन दिवस मागून आणा, अंदाजाने घट्ट करायची ही जागा नाही), मार्कर, कापडी टेप, अंड्याचे रिकामे ट्रे. ट्रेच्या प्रत्येक खड्ड्यात एका जागेचे बोल्ट आणि खड्ड्याच्या कडेला नाव. कागदी टेप आपल्याकडच्या उन्हात दोन तासात सुटते, वर तेलाचा हात लागला की संपलंच.

आधीच आणून ठेवायचं सामान: क्लच सेट, क्रँकचं मागचं ऑइल सील, दोन्ही शाफ्टची सीलं, शाफ्टच्या आतल्या टोकाच्या सर्क्लिपा (शाफ्ट अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी), नवे एक्सल नट, सायलेन्सरचं गॅस्केट, पाण्याचे होज अन् क्लिपा, प्लग, ऑइल, फिल्टर, गिअर ऑइल, कूलंट. दुकान रविवारी बंद असतं अन् काम रविवारीच निघतं.

मे महिन्यात करणार असाल तर पहाटे पाचला सुरू करा अन् अकराला थांबा. भुसावळ-जळगावच्या उन्हात पत्र्यावर ठेवलेला पाना उचलता येत नाही, आणि घामाने डोळे चुरचुरत असताना लटकलेल्या वजनाखाली काम करणं म्हणजे जीवाशी खेळ.

## टप्पा ५ : ठोकलेल्या गाडीतून उतरवणं

क्रम असा ठेवा.

१. फोटो. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, पन्नास तरी. प्रत्येक सॉकेट सुटायच्या आधी एक.

२. फ्यूएल पंपाचा रिले (पंपाला करंट देणारी छोटी डबी) काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल, पाइपातला दाब गेला. मग बॅटरीची निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह नंतर.

३. कूलंट, इंजिन ऑइल, गिअर ऑइल तिन्ही काढा. गिअर ऑइल न काढता शाफ्ट ओढला की सगळं ऑइल तुमच्या बाहीत. काढलेलं ऑइल स्वच्छ परातीत घ्या आणि त्यात चुंबक फिरवा. बारीक काळपट पीठ चालतं. चमकणारे तुकडे दिसले तर काम इथेच थांबवा.

४. एसीचा गॅस एसीवाल्याकडून काढून घ्या, पाइप असाच मोकळा करू नका, डोळ्यात गेला तर डोळा जातो.

५. सॉकेट एकेक करून सोडवा, दोन्ही तोंडांना एकच नंबर लिहा. कटर चालवायचा नाही. पाच मिनिटं वाचतात अन् दोन दिवस जातात.

६. अॅक्सिलरेटर, क्लच, गिअरच्या केबली, हीटरचे होज, सायलेन्सरचा पुढचा जोड.

७. शाफ्ट. एक्सल नट गाडी जमिनीवर असताना सैल करा, मग उचला. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून नकल (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) बाहेर ओढा. गिअरबॉक्सच्या बाजूला शाफ्ट काढताना चाकाकडून दांडा ओढू नका, आतला जॉइंट बुटातच सुटतो. गिअरबॉक्स अन् जॉइंटच्या मध्ये लीव्हर घालून छोटा झटका द्या.

८. कुप्पी लावा, साखळीवर किंचित वजन घ्या, मगच फाउंडेशन सोडवा. फाउंडेशन नेहमी सगळ्यात शेवटी.

ठोकलेल्या गाडीचा पुढचा पत्रा कापून इंजिन सरळ पुढे ओढता येतं, सोपं पडतं. पण ग्राइंडर लावायचा असेल तर आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवा. "टाकी तर मागे आहे" असं म्हणू नका, पाइप पुढेच येतो.

थांबा : इंजिन निघालं म्हणून ठोकलेली गाडी लगेच भंगारात देऊ नका. आपली गाडी ५०० किलोमीटर चालेपर्यंत ती जागची हलवायची नाही.

## टप्पा ६ : आपल्या गाडीतलं जुनं काढा, दोन्ही शेजारी ठेवा

आपल्या गाडीतून काढायचा क्रम तोच, फक्त इथं काही कापायचं नाही आणि एसीचे पाइप सुटूच द्यायचे नाहीत. कंप्रेसर बोल्ट काढून पाइपांसकट बाजूला तारेने बांधून ठेवा, पाइपांवर लटकू देऊ नका. गॅस जसाच्या तसा राहतो.

मग दोन्ही इंजिनं जमिनीवर शेजारी शेजारी. या कामातला सगळ्यात महत्त्वाचा तास हाच, आणि नव्वद टक्के लोक हाच वाचवतात. चहा घ्या अन् एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा: प्रत्येक सेन्सर, प्रत्येक सॉकेटचा आकार अन् पिना, थ्रॉटल बॉडी केबलची की इलेक्ट्रॉनिक, ऑक्सिजन सेन्सर किती अन् कुठे, पुलीचे पट्टे, पाण्याच्या पाइपांची तोंडं, फाउंडेशनचे ब्रॅकेट. जे जुळत नाही ते आपल्या जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर लावा.

वायरिंग, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) अन् चाबी आपल्याच गाडीची राहू द्या. बऱ्याच वॅगनआरमध्ये चाबीत चिप असते, ती चिप अन् ईसीएम एकमेकांना ओळखतात. ठोकलेल्या गाडीचा ईसीएम लावला आणि चाबी आपली वापरली की सेल्फ फिरेल पण इंजिन पकडणार नाही, अन् तुम्ही तीन दिवस पंप-प्लग बदलत बसाल. सीएनजी गाडीचं इंजिन आपल्या पेट्रोल गाडीत येत असेल तर सीएनजीचा पसारा मागेच राहू द्या, ते वेगळं काम आहे अन् त्याला वेगळी मंजुरी लागते.

आता इंजिन अन् गिअरबॉक्स वेगळे करा, जरी चांगले दिसत असले तरी. क्रँकचं मागचं सील बदला. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर लेथवाल्याकडे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही नवीन, "प्लेट अजून चालेल" हा हिशोब चुकीचा आहे, कारण परत एवढंच सगळं उतरवावं लागेल. प्लेट कोणत्या बाजूने आहे ते तिच्यावरच लिहिलेलं असतं, वाचा. मध्यभागी धरायला क्लचचा डमी शाफ्ट वापरा. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांना ग्रीस बोटाच्या टोकावर येईल एवढंच, जास्त लावलं की उडून प्लेटवर जातं.

गिअरबॉक्स परत जोडताना डोवेल (ब्लॉकच्या कडेच्या त्या छोट्या पोकळ पिना) जागेवर आहेत का बघा. नसतील तर गिअरबॉक्स केसाएवढा तिरका बसतो, अन् थोड्या दिवसांत सील अन् बेअरिंग जातं. गिअरबॉक्स हाताच्या रेट्याने ब्लॉकला टेकला पाहिजे. नाही टेकत तर प्लेट मध्यात नाही, परत काढा. बोल्टने ओढून आणू नका, घंटीचा कान तुटतो, आणि तो वेल्डिंग करून टिकत नाही. पूर्ण वजन प्लेटवर लटकलं तरी तिचा मधला भाग वाकतो, म्हणून खाली जॅक हवाच.

चेक : जोडल्यावर क्रँक हाताने परत दोन फेरे फिरवा. आधी फिरत होता तसाच फिरला पाहिजे.

इंजिन बाहेर आहे तोवर वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज बघून घ्या. थर्मोस्टॅटवर (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) एक बोलतोच. आपल्याकडे ऊन जास्त म्हणून बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात, "गाडी गरमच होणार नाही". होत नाही खरं, पण मग इंजिन हिवाळ्यात हायवेला नीट तापतच नाही, ईसीएमला वाटतं अजून थंड आहे म्हणून तो पेट्रोल जास्त देत राहतो, अॅव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं. गाडी गरम होत असेल तर फॅन, रेडिएटर अन् झाकण बघा.

## टप्पा ७ : बसवणं

रिकामी जागा डिझेलच्या ब्रशने धुऊन घ्या, स्टिअरिंगचे रबरी बूट, लोअर आर्मचे बुश, ब्रेकचे पाइप आता जसे दिसतात तसे परत दिसणार नाहीत.

१. इंजिन-गिअरबॉक्स जोडी खाली घेताना एक जण कुप्पीवर, एक जण फक्त बघायला: होज, पाइप, वायर मध्ये चेपतेय का. त्या बघणाऱ्याच्या हातात मोबाइल नको.

२. फाउंडेशनचे सगळे बोल्ट हाताने दोन-दोन आटे. एकही घट्ट नाही. सगळे लागले की साखळी सैल करा, इंजिन हलवून आपलं आपण बसू द्या, मग घट्ट. एकच आधी घट्ट केला की दुसऱ्याचं भोक जुळत नाही, मग लोक टॉमी (लोखंडी पहार) घालून ओढतात, अन् गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरतं ते आयुष्यभर.

३. शाफ्ट. नवी सर्क्लिप, नवं सील, सीलच्या ओठाला थोडं ऑइल. आत ढकलताना टक् आवाज आला पाहिजे, आणि मग हाताने जॉइंट धरून ओढून बघा, बाहेर येता कामा नये. एक्सल नट नवा, गाडी जमिनीवर आल्यावर मॅन्युअलच्या आकड्याने टॉर्क, अन् नटची कडा खाचेत ठोकून लॉक.

४. गिअर ऑइल आत्ताच भरा आणि स्टिअरिंगला कागद चिकटवा: "गिअर ऑइल भरलं". नाही भरलं तर तो कागद कोरा ठेवा. हसू नका, कोरडा गिअरबॉक्स घेऊन निघालेली गाडी मी टो करून आणली आहे.

५. सायलेन्सर, होज, केबली, एसी कंप्रेसर, पट्टे. क्लच केबलला थोडी ढील ठेवा, पूर्ण ताणली की नवीन क्लच महिन्यात जळेल.

६. वायरिंग, नंबराला नंबर.

७. अर्थ. याला वेगळा नंबर दिलाय कारण माझीच चूक आहे. सुरुवातीच्या काळात एका मारुती ८०० चं इंजिन बसवलं, सगळं झालं, इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची जाड पट्टी ट्रेमध्येच राहिली. सेल्फ मारला, इंजिन जेमतेम फिरलं, मी म्हटलं बॅटरी उतरली, परत मारला, परत मारला, अन् क्लच केबलमधून धूर. सेल्फचा सगळा करंट परत जायला वाट शोधत होता, त्याला क्लच केबल भेटली. केबल आतून वितळली, रात्रीचे दहा, मालक बाजूला उभा, "भाऊ, गाडी चालू व्हयनी का?" तेव्हापासून मी ती पट्टी सगळ्यात आधी लावतो, दोन्ही टोकांचा गंज अन् रंग सँडपेपरने घासून.

चेक : ट्रेमध्ये एकही बोल्ट उरला नाही पाहिजे. उरला तर "कंपनीने जास्तीचा दिला असेल" असं नसतं.

## टप्पा ८ : पहिला स्टार्ट

ऑइल भरा, डिपस्टिकवर बघून. रेडिएटरमध्ये कूलंट, आणि ते पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड पाण्याने, बोअरच्या पाण्याने नाही, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने किटलीत थर धरतो तसा रेडिएटरमध्येही धरतो.

फ्यूएल पंपाचा रिले काढलेला ठेवून सेल्फ मारा, दहा सेकंद, मग मिनिटभर थांबा, परत दहा सेकंद, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. इंजिन किती दिवस कोरडं पडलं होतं ते लक्षात घ्या, बेअरिंगला आधी ऑइल पोचलं पाहिजे. दिवा विझला की रिले लावा, चाबी ऑन करा, पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, ऑफ, परत ऑन. तेवढ्यात दुसऱ्याने पेट्रोलच्या जोडांना बोट लावून बघायचं, ओलं आहे का. वास आला तरी थांबा.

मग चालू करा. ऑइलचा दिवा दोन-चार सेकंदात गेला नाही तर लगेच बंद. रेस करू नका, पोरांना रेस करायची फार घाई असते.

हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडं ठेवून सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा, मग झाकण. वरचा होज गरम, थोड्या वेळाने खालचाही गरम, मग फॅन लागला पाहिजे, मग बंद झाला पाहिजे. फॅन दोन वेळा लागून बंद झाला की हवा निघाली समजा. खालचा होज गारच राहिला अन् काटा वर चाललाय तर हवा अडकलीय किंवा थर्मोस्टॅट उलटा बसलाय.

चालू असताना बॅटरीवर मीटर धरा, १३.८ ते १४.५ व्होल्ट. स्कॅनर लावून कोड वाचा, पुसा, परत चालवून वाचा. चेक इंजिनचा दिवा लागला अन् टेप मारून झाकला, असलं करू नका, बहुतेक वेळा एखादं सॉकेट अर्धं बसलेलं असतं.

## टप्पा ९ : रस्ता

पहिले पाच किलोमीटर गावातच, सगळे गिअर, ब्रेक, रिव्हर्स. घरी येऊन पूर्ण थंड होऊ द्या. मग फाउंडेशनचे, सायलेन्सरचे अन् चाकांचे नट परत बघा, एक्सल नटचं लॉक जागेवर आहे का बघा, कूलंट थंड असताना बघा, खाली पुठ्ठा पसरून ठेवा, सकाळी कुठे डाग पडलाय ते दिसतं. कोणत्या रंगाचा डाग, कुठल्या बाजूला, यावरून अर्धं निदान होतं.

दुसऱ्या दिवशी पन्नासेक किलोमीटर, जळगावहून भुसावळ जाऊन परत येण्याएवढं. सोबत पाणी, टॉर्च, पाने. पहिल्याच आठवड्यात चार जण बसवून औट्रम घाट किंवा शिरपूरच्या पुढचा बिजासन घाट चढवायला नेऊ नका. नवीन क्लच प्लेटला बसायला वेळ लागतो, तोवर चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरू नका.

वळताना कटकट आवाज आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट. वेग धरताना थरथर अन् सोडल्यावर बंद, तर आतला जॉइंट किंवा फाउंडेशन ताणून बसलंय. क्लच सोडल्यावर ठक्, तर गिअरबॉक्सचं फाउंडेशन.

५०० किलोमीटरला ऑइल अन् फिल्टर बदला, जुनं फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघा. कागद साफ असेल तर आता ठोकलेली गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. कायमची बाद झालेल्या गाडीची खबर मालकाने कलम ५५ प्रमाणे आरटीओला १४ दिवसांत द्यायची असते. गाडी अजून जुन्या मालकाच्याच नावावर असेल तर त्याला सोबत घेऊन जा, नाहीतर वर्षाने एखादी नोटीस त्या माणसाच्या दारात जाईल आणि तो थेट तुमच्याकडे येईल. आपल्या गाडीचं आरसी नवीन इंजिन नंबरसकट हातात आलं की त्याची झेरॉक्स डॅशबोर्डात टाका. जुन्या इंजिनाचं हेड अन् सेल्फ विकायच्या आधी त्याच्या ब्लॉकवरच्या नंबराचाही फोटो काढून ठेवा, तपासणीला गेल्यावर तो मागितला जाऊ शकतो.